मनगट, ब्रेस आणि १२० दिवस

३१ जानेवारी २०२३ रोजी माझ्या घरातल्या लोखंडी कपाटात काहीच बदलले नव्हते. आदल्या रात्री मी जे पिस्तूल पुसून, काडतुसे वेगळ्या डब्यात ठेवून, कुलूपबंद केले होते, ते तसेच तिथे होते. मात्र त्या दिवशी अमेरिकी केंद्र सरकारच्या राजपत्रात, म्हणजे फेडरल रजिस्टरमध्ये, पिस्तुलाला लावायच्या ब्रेसबद्दल, म्हणजे हाताला बांधायच्या आधाराबद्दल, एक नियम छापून आला आणि ती वस्तू सरकारच्या लेखी पिस्तूल उरली नाही. ती 'आखूड नळीची रायफल' झाली. अशी रायफल नोंदणीशिवाय बाळगणे हा १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अॅक्टखाली दहा वर्षांपर्यंत कैदेस पात्र असलेला गुन्हा आहे. निर्णय घेण्यासाठी आम्हा धारकांना १२० दिवस दिले होते. त्या १२० दिवसांत आणि त्यानंतरच्या दोन-अडीच वर्षांत मी जे केले, जे पाहिले आणि त्यातून माझे जे मत बनले, ते मी येथे लिहीत आहे.

मी डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात राहते. मूळची सिंधुदुर्गातली. आमच्या घरी आजोबांच्या काळापासून शेती संरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक होती, कारण रानडुकरे आणि माकडे भाताचा आणि नारळीपोफळीचा घास तोंडातून काढून घेत असत. प्रत्येक निवडणुकीच्या आधी बाबा ती गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करत आणि मतमोजणी झाल्यावर पावती दाखवून परत आणत. त्यामुळे बंदूक आणि सरकारी कागद ही दोन्ही एकाच खुंटीवर टांगलेली असतात, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. शस्त्रावर सरकारची नजर असण्याला माझा विरोध कधीच नव्हता आणि आजही नाही.

अमेरिकेत मी एच-१बी व्हिसावर आले. त्या व्हिसावरच्या माणसाला शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर बंदूक बाळगता येत नाही. ते केंद्रीय कायद्याने निषिद्ध आहे. ग्रीन कार्ड मिळाल्यावर ती आडकाठी दूर झाली. सहकाऱ्यांबरोबर मी नेमबाजीच्या रेंजवर जाऊ लागले आणि लवकरच मला त्याची गोडी लागली. श्वास रोखून, नजर एका टाचणीएवढ्या ठिपक्यावर ठेवून चाप हळूहळू मागे ओढताना दिवसभराचे सगळे विचार बाजूला पडतात. मग फेब्रुवारी २०२१ मधले ते हिमवादळ आले, ज्यात टेक्सासमधली लाखो घरे वीज आणि पाण्याविना गोठून गेली होती. आमच्या जिन्यासमोरच्या बर्फावर मी घसरून पडले आणि उजवे मनगट मोडले. शस्त्रक्रिया करून आत धातूची पट्टी बसवावी लागली. हाड जुळले, पण जड वस्तू एका हाताने सरळ पुढे धरून ठेवण्याची ताकद परत आली नाही.

रेंजवरचे माझे प्रशिक्षक सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी मला ब्रेस दाखवला. एआर-१५ या रायफलीच्या घडणीचे, पण आखूड नळीचे आणि मागे खांद्याला टेकवायचा दस्ता नसलेले पिस्तूल. त्याच्या मागच्या नळकांड्यावर रबरी पंखांसारखा एक भाग बसवलेला असतो आणि तो पट्ट्याने हाताच्या पुढच्या भागाला बांधता येतो. वजन मनगटावरून कोपराकडे सरकते. ही कल्पनाच मुळी अपंग माजी सैनिकांना एका हाताने नेम धरता यावा म्हणून निघाली होती आणि अशा ब्रेसमुळे पिस्तुलाची वर्गवारी बदलत नाही, असे मत एटीएफने, म्हणजे बंदुकांचे नियमन करणाऱ्या केंद्रीय विभागाने, २०१२ मध्ये दिले होते. २०१५ मध्ये त्याच विभागाने जाहीर पत्र काढून सांगितले, की ब्रेस खांद्याला टेकवून गोळी झाडली तर ते शस्त्राचे 'पुनर्रचन' ठरते. २०१७ मध्ये ती भूमिका बरीच सैल केली. हे उलटसुलट मी तेव्हा वाचले नव्हते. मला पट्टा बांधल्यावर मनगट दुखेनासे झाले, एवढे कळत होते.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मी ते विकत घेतले. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. आपणच खरे खरेदीदार आहात का, आपल्यावर गंभीर गुन्ह्याचा आरोप किंवा शिक्षा आहे का, घरगुती हिंसाचाराबद्दल दोषी ठरला आहात का, गांजा किंवा इतर अमली पदार्थ घेता का, अशी प्रश्नांची रांग असते आणि खोटे उत्तर हा स्वतंत्र गुन्हा असतो. परदेशी नागरिकाला आपला इमिग्रेशनचा क्रमांकही द्यावा लागतो. दुकानदाराने माझी माहिती एफबीआयच्या तपासणी यंत्रणेकडे पाठवली. बहुतेकांना मिनिटांत होकार येतो, माझ्या नावापुढे 'विलंब' आला. तीन कामकाजी दिवसांत उत्तर न आल्यास दुकानदाराला कायद्याने शस्त्र देता येते, पण त्यांनी होकार येईपर्यंत थांबायचे ठरवले आणि तो चौथ्या दिवशी आला. मला त्या विलंबाचा राग आला नाही. मी कोण आहे हे कोणीतरी नीट पाहिले, यात मला उलट बरे वाटले.

पुढच्या वर्षी मी नागरिकत्वाची परीक्षा दिली. या देशात राहणाऱ्या प्रत्येकाचे कोणतेही दोन अधिकार सांगा, असा एक प्रश्न त्या यादीत होता आणि मान्य उत्तरांमध्ये भाषणस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य यांच्याबरोबर शस्त्र बाळगण्याचा अधिकारही छापलेला होता. मी तो पाठ केला. शपथ घेतली.

आणि मग तो नियम आला. त्याचा मसुदा जून २०२१ मध्येच निघाला होता. त्यामागे कोलोरॅडोतल्या बोल्डर शहरातला मार्च २०२१ चा गोळीबार होता, ज्यात किराणा दुकानात दहा माणसे मारली गेली आणि मारेकऱ्याकडे ब्रेस लावलेले पिस्तूल होते. मसुद्यात गुण मोजण्याचा एक तक्ता होता: ब्रेसच्या अमुक घडणीला इतके गुण, तमुक लांबीला इतके, बेरीज ठरावीक आकड्यापर्यंत पोचली तर रायफल. त्यावर दोन लाख सदतीस हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या. अंतिम नियमात तो तक्ता नव्हताच. त्याऐवजी सहा निकष होते: वजन आणि लांबी, चापापासून मागच्या टोकापर्यंतचे अंतर, कोणत्या प्रकारची दुर्बीण बसवली आहे, वगैरे. शेवटचे दोन निकष मी पुन्हा पुन्हा वाचले. एक, उत्पादकाने त्या वस्तूची जाहिरात कशी केली आहे. आणि दुसरा, सर्वसाधारण लोक ती कशी वापरतात याची उपलब्ध माहिती. म्हणजे माझ्या कपाटातली वस्तू कायदेशीर आहे की नाही, हे कोणा अनोळखी माणसाने चित्रफितीत ती खांद्याला लावली की नाही, यावर काही अंशी ठरणार होते. माझ्या मनगटातली धातूची पट्टी त्या सहा निकषांत कुठेच बसत नव्हती.

आखूड नळीच्या रायफलीला इतका कडक कायदा का, हे शोधताना मला १९३४ चा इतिहास कळला आणि तो सांगण्यासारखा आहे. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर तो कायदा आला. मूळ मसुद्यात मशीनगनबरोबर पिस्तुलांवरही कर आणि नोंदणी होती. पिस्तुलावर बंधन आले तर लोक रायफलीची नळी कापून ती कोटाखाली लपवतील, म्हणून आखूड रायफलीही त्यात घातल्या होत्या. पुढे विरोधामुळे पिस्तुले वगळली गेली, पण त्यांची पळवाट बुजवण्यासाठी घातलेले कलम तसेच राहिले. त्यामुळे आज सहा इंच नळीचे पिस्तूल साधे शस्त्र आहे, सोळा इंच नळीची रायफल साधे शस्त्र आहे, आणि त्या दोहोंच्या मधली, साडेदहा इंच नळीची, खांद्याला लागणारी वस्तू मात्र मशीनगनच्या पंक्तीत बसते. कर तेव्हा २०० डॉलर ठेवला होता, जो त्या काळात जवळजवळ बंदीसारखाच होता, आणि तो नव्वद वर्षे तेवढाच राहिला.

माझ्यापुढे पर्याय पाच होते. सोळा इंची नळी बसवायची, ब्रेस कायमचा काढून पुन्हा बसणार नाही असा करायचा, शस्त्र एटीएफकडे जमा करायचे, नष्ट करायचे, किंवा ३१ मेपर्यंत फॉर्म १ भरून ते २०० डॉलर माफ करून नोंदवून घ्यायचे. ब्रेस काढला तर मला ते वापरता येत नव्हते आणि लांब नळीचे वजन मनगटाला पेलत नव्हते. मार्चभर मी काहीच केले नाही. रेंजवरचे अनेकजण म्हणत, न्यायालयात हा नियम टिकणार नाही, थांबा. माझा नवरा म्हणाला, "थांबण्याची चैन त्यांना परवडते. तू नागरिक होऊन वर्ष झालेले नाही. तू अर्ज भर." त्याच्या बोलण्यात भीती होती आणि ती खरी होती.

फॉर्म १ चे नावच मला खुपले. 'शस्त्र बनवण्यासाठी व नोंदवण्यासाठी अर्ज' असे त्याचे शीर्षक आहे. मी काहीही बनवले नव्हते. तरी त्यात 'बनवणारी व्यक्ती' म्हणून माझे नाव, पत्ता, जन्मस्थळ भरायचे होते. शस्त्र कशासाठी हवे, या रकान्यात सगळेजण 'सर्व कायदेशीर हेतूंसाठी' असे लिहितात. मीही तेच लिहिले, पण त्याआधी बराच वेळ मी त्या चौकटीत मनगटाची हकिकत लिहीत आणि खोडत बसले होते.

नळीची लांबी अर्जात द्यावी लागते आणि ती मोजण्याची रीत ठरलेली आहे. शस्त्र रिकामे आहे याची तीनदा खात्री करून, बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता भाग, बंद करून, तोंडाकडून एक सरळ लाकडी काठी आत टेकेपर्यंत सरकवायची, तोंडापाशी तिच्यावर खूण करायची आणि बाहेर काढून मोजायची. मी जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर अंथरली आणि पडद्याची बारीक काठी वापरली. शिवणाच्या टेपवर साडेदहा इंच आले. मग शस्त्राचा पूर्ण फोटो आणि त्यावर कोरलेल्या क्रमांकाचा जवळून घेतलेला फोटो. तो क्रमांक फोटोत उठत नव्हता. शेवटी खडूची पूड बोटाने त्या खोदकामात भरली, तेव्हा एकेक आकडा पांढरा होऊन वर आला. बोटांच्या ठशांसाठी मी एका खाजगी केंद्रात गेले. पहिल्या खेपेला उजव्या हाताचे ठसे फिकट आले; शस्त्रक्रियेनंतर पूर्ण न वळणारे माझे मनगट तिथला कर्मचारी दाबत राहिला आणि तरीही अंगठा अर्धाच उमटला. मी पैसे भरून दुसऱ्या ठिकाणी गेले, जिथल्या बाईंनी टेबल खाली केले आणि माझा हात न वळवता स्वतः वळून उभ्या राहिल्या. अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीस प्रमुखांना पाठवावी लागते. ती परवानगी नसते, केवळ कळवणे असते. तीही पाठवली.

ऑनलाइन अर्जाचे शेवटचे बटण दाबायचे राहिले होते, तेव्हा ६ मे उजाडला. तो शनिवार होता. दुपारी साडेतीनच्या सुमारास अॅलन शहरातल्या आउटलेट मॉलमध्ये एका माणसाने गाडीतून उतरून गोळीबार सुरू केला. आठ माणसे मारली गेली, त्यांत लहान मुले होती आणि भारतातून येऊन नोकरी करणारी एक तरुण इंजिनिअर मुलगीही होती. एका पोलीस अधिकाऱ्याने त्या मारेकऱ्याला तिथेच ठार केले. त्या मॉलमध्ये आम्ही दर दिवाळीआधी जातो. महाराष्ट्र मंडळाच्या गटावर एकामागून एक निरोप येत होते: तुम्ही कुठे आहात, मुले घरी आहेत ना, अमक्यांचा फोन लागत नाही. माझ्या टेबलावर ती पांढरी चादर अजून घडी न करता पडली होती.

दुसऱ्या दिवशी माझी एक जवळची मैत्रीण घरी आली. तिचा मुलगा आदल्या आठवड्यातच त्या मॉलमध्ये बूट घ्यायला गेला होता. तिने मला विचारले, "तुला हे घरात ठेवायची गरज काय आहे?" मी मनगटाचे सांगितले, रेंजचे सांगितले, सगळे कुलुपात असते हेही सांगितले. ती ऐकून घेत राहिली आणि म्हणाली, "मी तुझ्याबद्दल विचारत नाही गं. मी या सगळ्याबद्दल विचारते." मी त्या वेळी तिला नीट उत्तर देऊ शकले नाही, आणि ज्याला ते आठ मृत्यू डोळ्यांसमोर दिसत आहेत त्याला त्या क्षणी देण्यासारखे उत्तर असते, असे मला आजही वाटत नाही.

पण पुढच्या दिवसांत एक गोष्ट मला स्पष्ट होत गेली. ज्या नियमासाठी मी चादर अंथरून काठी मोजत होते, त्याचा तिच्या प्रश्नाशी फार थोडा संबंध होता. अॅलनच्या मारेकऱ्याच्या हातात पूर्ण लांबीची, एआर-१५ च्या घडणीची रायफल होती. तिला आखूड नळीचा नियम लागू नव्हता, फॉर्म १ लागत नव्हता. बंदूक कोणाच्या हाती जाते, हा मैत्रिणीचा प्रश्न होता. माझ्या अर्जात मोजला जात होता तो रबराचा तुकडा. पहिल्या प्रश्नाला हात घालणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, टेक्सासमधल्याच युवाल्डीच्या शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्यानंतर, अमेरिकी काँग्रेसने मंजूर केला होता. एकवीस वर्षांखालच्या खरेदीदाराच्या बालवयातल्या नोंदी तपासणे, त्यासाठी दहा कामकाजी दिवसांपर्यंत वेळ घेणे, धोकादायक व्यक्तीकडून शस्त्र तात्पुरते काढून घेण्याच्या राज्यांच्या योजनांना पैसा देणे, हे त्यात आहे. दोन्ही पक्षांचे लोक त्यासाठी मतदानाला उभे राहिले. तो कायदा अपुरा आहे, असे माझे मत आहे. पण तो कायदा आहे. तो कोणी केला, हे मला माहीत आहे आणि पटला नाही तर कोणाला जाब विचारायचा, हेही माहीत आहे.

१५ मे रोजी मी बटण दाबले आणि ठशांची दोन कार्डे बारकोड असलेल्या पत्रासोबत टपालाने पाठवली.

त्यानंतरचा आठवडा विलक्षण होता. २३ मे रोजी पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सास ज्याच्या अखत्यारीत येते त्या, केंद्रीय अपील न्यायालयाने, फोर्ट वर्थमध्ये दाखल झालेल्या एका खटल्यातल्या वादींपुरती नियमाला स्थगिती दिली. तीन दिवसांनी खुलासा आला, की वादी असलेल्या फायरआर्म्स पॉलिसी कोअॅलिशन या संघटनेचे सदस्यही त्या स्थगितीत येतात. म्हणजे १ जूनच्या सकाळी, एकाच गल्लीतल्या दोन घरांत अगदी सारखे पिस्तूल असले, तर कोण गुन्हेगार ठरेल हे संघटनेची वर्गणी कोणी भरली आहे यावर अवलंबून होते. रेंजवरच्या एका वयस्कर गृहस्थांनी मला सदस्यत्वाची पावती दाखवली, ती त्यांनी पिस्तुलाच्याच पेटीत ठेवली होती. देशभरातून सुमारे अडीच लाख अर्ज आले. खुद्द सरकारच्या अंदाजानुसार असे ब्रेस तीस लाखांच्या आसपास होते. उरलेल्यांनी काय केले, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

माझा अर्ज सप्टेंबरात मंजूर झाला. त्याच्या महिनाभर आधी अपील न्यायालयाने म्हटले होते, की अंतिम नियम मसुद्यापासून इतका वेगळा आहे की लोकांना त्यावर मत मांडण्याची संधीच मिळाली नाही. नोव्हेंबरमध्ये अॅमॅरिलोच्या न्यायालयाने नियमाला देशभर स्थगिती दिली. १३ जून २०२४ रोजी फोर्ट वर्थच्या न्यायालयाने तो पूर्णपणे रद्द केला. दुसऱ्याच दिवशी, १४ जूनला, सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी बम्प स्टॉकवरची, म्हणजे रायफलीतून गोळ्या झपाट्याने एकामागून एक झाडू देणाऱ्या उपकरणावरची, बंदीही उठवली. लास व्हेगासच्या २०१७ च्या हत्याकांडात साठ माणसांचा बळी घेणाऱ्याने ते उपकरण वापरले होते आणि ती बंदीही एटीएफने जुन्या कायद्याचा नवा अर्थ लावून आणली होती. तो खटला ऑस्टिनमधल्या एका दुकानदाराचा. त्याने आधी आपले दोन बम्प स्टॉक सरकारजमा केले आणि मग दावा लावला. न्यायमूर्ती अलिटो यांनी आपल्या स्वतंत्र मतात लिहिले, की काँग्रेसला कायदा दुरुस्त करता येईल. काँग्रेसने तो अजून केलेला नाही. लास व्हेगासच्या मृतांना आपण हे देणे लागत होतो, असे मला मनापासून वाटते.

त्याच महिन्यात, २१ जूनला, त्याच न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी दुसरा निकाल दिला: घरगुती हिंसाचाराबद्दल मनाई हुकूम असलेल्या माणसाला शस्त्र बाळगू न देणारे कलम घटनेत बसते. ते कलम काँग्रेसने १९९४ मध्ये केले होते. आणि नियमच नको, असेही न्यायालय म्हणत नाही. मार्च २०२५ मध्ये, घरी जोडायच्या, क्रमांक नसलेल्या बंदुकांच्या संचांवरचा एटीएफचा नियम त्याने सात विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवला, कारण मूळ कायद्याच्या शब्दांत तो मावतो असे बहुमताला वाटले. हे तिन्ही निकाल एकत्र वाचल्यावर माझे मत पक्के झाले. बंदुकांवरचे निर्बंध आजच्याहून कडक व्हावेत, असे मी उघड म्हणते, आणि माझ्या रेंजवरच्या मित्रांना ते आवडत नाही. पण ते निर्बंध निवडून दिलेल्यांनी, मतदान करून, नावानिशी आणावेत. विभागाच्या पत्राने आणलेले निर्बंध अध्यक्ष बदलला की बदलतात, न्यायालय बदलले की कोसळतात, आणि मधल्या काळात जे लोक नियम पाळतात तेवढेच त्यांत भरडले जातात. माझ्या मैत्रिणीला हवी असलेली सुरक्षितताही त्यातून टिकाऊ अशी मिळत नाही.

नियम रद्द झाला तरी माझी नोंद कायम आहे. लेखी विनंती करून ती काढून घेता येते, असे मला सांगण्यात आले; मी ती केलेली नाही. दहा वर्षांत चारदा पालटलेली गोष्ट पाचव्यांदा पालटणार नाही, असे मला कोणी सांगू शकत नाही. सरकारने ब्रेसच्या खटल्यातले अपील २०२५ च्या उन्हाळ्यात मागे घेतले. त्याच वर्षी ४ जुलैला झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून आखूड रायफलीवरचा २०० डॉलरचा कर शून्य केला. नोंदणी मात्र ठेवली. करच नाही तर कराच्या अधिकारावर उभी केलेली नोंदणी कशाच्या आधारावर टिकते, असा नवा दावा आता टेक्सासच्याच न्यायालयात आहे.

बाबांना मी हे सगळे फोनवर सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "पावती नीट ठेवली आहेस ना?"

मंजूर अर्जाची छापील प्रत माझ्या नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राशेजारी फाइलमध्ये आहे आणि दुसरी पिस्तुलाच्या पेटीत. एप्रिलमध्ये ओक्लाहोमात सामना आहे. नोंदवलेली आखूड रायफल राज्याबाहेर न्यायची तर आधी ५३२०.२० क्रमांकाच्या फॉर्मवर मंजुरी घ्यावी लागते. तो मी गेल्या आठवड्यात भरून पाठवला. उत्तर अजून यायचे आहे.